साटीनवरच्या टाचा

पडद्यांच्या त्या कारखान्यात कापडावर चढायचं ते अनवाणीच, असा नियम होता. नाटकगृहाचा पडदा म्हणजे काही खिडकीचा पडदा नव्हे. तो कुठल्याही टेबलावर मावत नाही. जमिनीवरच अंथरावा लागतो, आणि एकदा अंथरला की मधोमध पोचायला त्याच्यावरून चालण्यावाचून गत्यंतर नसतं. चपला घातल्या तर कापड मळतं. मोजे घातले तर साटीनवर पाय सटकतो, आणि खाली पडलेली घडी, सुरकुती, सुटलेली टाचणी पायाला कळत नाही. म्हणून दारातच चपलांची रांग, तिथेच पाय धुवायचा नळ, आणि त्यापुढे गुळगुळीत घासलेल्या लाकडी फळ्यांची लांबरुंद जमीन.

या जमिनीवर कातरकाकूंची उमर गेली होती. कापडाचं ठाण उलगडायचं, खडूने रेघ मारायची आणि रेघेवरून कात्री चालवत आडव्या पावलांनी सरकत जायचं, हे त्यांचं काम. कातरकाकू हे नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नव्हतं. त्यांना ना पुतण्या ना पुतणी, पण नवी आलेली मुलगी पहिल्याच दिवशी त्यांना काकू म्हणू लागे आणि त्याही ओ देत.

हिवाळा सरत आला होता. हवा इतकी कोरडी की कापडाची घडी उलगडताना चटचट आवाज यायचा. अशाच एका दुपारी मुकादमबाईंनी निळ्या साटीनच्या पडद्यावरून उपडा हात फिरवत नेला आणि मध्येच थांबवला. कापडावरून हात फिरवायची त्यांना सवयच होती. डोळे फसतात, हात फसत नाही, असं त्या म्हणत.

"इथे धागा ओढला गेलाय," त्या म्हणाल्या. "आणि इथे. आणि हा बघा."

मशीनवर बसलेल्या बायकांची मशीनं एकामागून एक थांबली. ओढलेले धागे एका रेषेत होते. ती रेष खडूच्या रेघेला लागून जात होती आणि त्या वाटेने कारखान्यात एकच माणूस चालत असे. मुकादमबाई वयाने काकूंपेक्षा लहान होत्या, त्यामुळे रागावतानाही त्यांना 'अहो-जाहो'च करावं लागे.

"काकू, पाय वर करा बघू."

काकूंनी भिंतीचा आधार घेऊन पाय वर केला. टाचेला आडव्याउभ्या भेगा पडल्या होत्या. काही वरवरच्या होत्या, एक-दोन मात्र इतक्या खोल की आतली लाली दिसत होती. कडा सुकून टणक झाल्या होत्या आणि त्यातल्या एका कडेला निळ्या रेशमाचा तंतू अडकून राहिला होता.

"अगंबाई," कुणीतरी म्हणालं.

"दुखत नाही का?" मुकादमबाईंनी विचारलं.

"चालून चालून कळेनासं झालंय," काकू म्हणाल्या.

मुकादमबाईंनी तो तंतू चिमटीत धरून काढला. "हा पडदा गडद आहे, निभावून नेऊ. पण पुढचा माल मोतिया रंगाचा आहे. मोठ्या नाट्यगृहाचा दर्शनी पडदा. त्याच्यावर या टाचा मी चढू देणार नाही. माल येईपर्यंत बऱ्या करा. नाही झाल्या तर वर बसा कड्या शिवायला. पगार तोच राहील, पायांनाही आराम पडेल."

वर म्हणजे पोटमाळ्यावर. पडदा दोरीला अडकवायच्या पितळी कड्या तिथे बसून शिवल्या जात. तिथे बसायला खुर्ची होती, ऊन येणारी खिडकी होती. मुकादमबाईंना आपण मोठ्या मनाने बोललो असंच वाटत होतं. पण त्या माळ्यावर एका वेळी एकच माणूस बसत असे. आतापर्यंत तिथे बसणारे कडीवाले आजोबा निवृत्त झाले, तेव्हा निरोपाला खाली आले. त्यांना कुठे बसवावं आणि त्यांच्याशी काय बोलावं हेच कुणाला सुचेना. शेवटी त्यांनीच घड्याळाकडे बघून चला, निघतो म्हटलं होतं. काकू ते विसरल्या नव्हत्या.

कारण काकूंचं सगळं बोलणं या जमिनीवरच होत असे. घरी कुणी नव्हतं. संध्याकाळी कुलूप उघडलं की सकाळी ते पुन्हा लावेपर्यंत त्यांचा आवाज वापरातच येत नसे. कधीकधी कारखान्याच्या दारात पहिला शब्द बोलताना घसा खाकरावा लागे. मुलगा लांब होता. सुट्टीच्या दिवशी त्याचा फोन येई, आणि सगळं ठीक आहे ना, हो ठीक आहे, यापलीकडे तो फारसा जात नसे. माळ्यावर बसायचं म्हणजे दिवसही घरासारखाच होणार होता.

त्या संध्याकाळी काकूंनी पलंगाच्या कडेवर बसून पाय मांडीवर ओढून घेतला. गुडघा दुखत होता, मान वाकत नव्हती, तरी टाच नीट दिसेना. शेवटी हातआरसा खाली धरून पाहिली. टाच अशी जागा आहे की ती ज्याची त्याला दिसत नाही, दुसऱ्यालाच दिसते. नवरा होता तेव्हा पांघरुणातून ओरडायचा, "अगं, पाय आहेत की कानस? सरक तिकडे!" तो गेल्यापासून त्यांच्या टाचांबद्दल तक्रार करायला कुणी उरलं नव्हतं, आणि टाचा आपल्या आपण फुटत राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकूंनी विषय काढला नाही. विषय आधीच निघालेला होता. ठाणं ज्या लाकडी खोक्यांतून येत, ती उपडी घालून बायका त्यांवर बसत. काकू येऊन बसतात न बसतात तोच इस्त्रीवाली आत्या म्हणाली, "मेण. मेण आणि तेल. बाकी सगळं थोतांड."

सगळ्यांच्या लग्नात, पोरांत आणि स्वयंपाकात खोट काढते म्हणून तिला आत्या म्हणत. ती आणि काकू एकाच वर्षी कामाला लागल्या होत्या, त्यामुळे दोघींचं अगं-तुगं होतं.

"केळं लावा, काकू," कोपऱ्यातल्या मशीनवरची मुलगी म्हणाली. तिचं तोंड दिवसभर चालू असे म्हणून तिचं नाव चिमणी. "चांगलं पिकलेलं. कुस्करून लावायचं आणि सुकू द्यायचं."

"टाचेला केळं! अगं, माणसांना खायला मिळेना," कुणीतरी म्हणालं.

"मुंग्या लागतील मुंग्या," आत्या म्हणाली. "सकाळी टाच जागेवर नसायची."

अस्तर शिवणारी बाई घास गिळून म्हणाली, "आमच्या सासूबाई दुधाची साय लावायच्या. रोज. पाय लोण्यासारखे होते त्यांचे."

"आणि घरात मांजर होतं?" आत्याने विचारलं.

"होतं ना. ते चाटायचं."

"मग मांजरानेच बरे केले असतील!"

हसता हसता चिमणीला ठसका लागला. मुकादमबाई शेजारून जाताना न थांबताच म्हणाल्या, "ग्लिसरीन आणि लिंबू. समान घ्यायचं. आणि जेवा आता गुपचूप, मशीनं थंड पडलीत."

काकू सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होत्या. इतक्या जणी एकाच वेळी त्यांच्याकडे तोंड करून बसल्या आहेत, असं पूर्वी कधी झालं होतं ते त्यांना आठवेना. त्या कारखान्यातल्या जुन्या होत्या, त्यांना मान होता, पण मान देणारी माणसं थोडी लांबूनच बोलतात.

त्यांनी सगळे उपाय केले. कुणाचं मन मोडायला नको म्हणून ओळीने केले. केळं कुस्करून टाचांना थापलं आणि उरलेलं अर्धं खात भिंतीकडे बघत बसल्या. ग्लिसरीन-लिंबू भेगेत गेलं तेव्हा डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. साय लावून झोपल्या त्या रात्री स्वप्नात मांजर आलं, आणि सकाळी ते त्यांनी सगळ्यांना रंगवून सांगितलं. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून वजरीने घासले ते इतके, की एका भेगेतून रक्त आलं. त्यावरून आत्याने सगळ्यांदेखत झाडलं.

"टाच आहे ती, पातेल्याचं बूड नाही! मेलेली कातडी काढायची असते, जिवंत नव्हे."

सकाळी मशीनं सुरू होण्याआधी तपासणी होई. काकू खोक्यावर बसून पाय पुढे करत, चिमणी मोबाईलची बत्ती धरी, आणि दोघीतिघी वाकून बघत. ही भेग मिटत आलीये. ही कालपेक्षा लाल दिसतेय. हे केळ्याचं काम. कसलं केळ्याचं, सायीचं. काकू आता कारखान्यात लवकर पोचू लागल्या होत्या. घसा खाकरायची गरज पडत नव्हती, कारण वाटेतच मनाशी जुळवाजुळव चाललेली असे, काय काय सांगायचं याची.

मुलाच्या फोनवरही त्यांनी टाचांचं सांगितलं.

"क्रीम आण ना एक चांगलं," तो म्हणाला. "थांब, तुला एक व्हिडिओ पाठवतो. सगळं आहे त्यात."

व्हिडिओ आला. त्यात एक हसरी बाई मध आणि कसलासा गर कालवत होती. काकूंनी तो शेवटपर्यंत पाहिला. सगळं होतं त्यात.

टाचा सुधारत होत्या, पण खोल भेगा काही हटत नव्हत्या. माल आता कधीही येईल अशी वेळ आली तेव्हा आत्याने पदर खोचला. "तुझ्या हातून व्हायचं नाही. आज मी येते तुझ्याकडे."

संध्याकाळी ती खरंच आली. काकूंनी दार उघडलं आणि पहिल्यांदा त्यांना आपल्याच खोलीची लाज वाटली. खोली अस्वच्छ मुळीच नव्हती, उलट फार नीटनेटकी होती. टेबलावर एक ताट, एक पेला. टेबलाशी एक खुर्ची.

"दुसरी खुर्ची कुठाय?" आत्याने इकडेतिकडे बघत विचारलं.

"आहे की. कपाटावर ठेवलीय. लागत नाही ना."

आत्याने कपाटावर पाहिलं. खुर्ची पालथी घालून वर कापड झाकलेलं होतं. एरवी खोट दिसली आणि आत्या गप्प बसली असं होत नसे.

मेणबत्तीचे तुकडे वाटीत घालून वाटी गरम पाण्यात ठेवली. मेण विरघळलं तसं आत्याने त्यात तेल सोडलं आणि चमच्याने ढवळत राहिली, खळ तयार करावी तसं. मग ती पलंगावर बसली आणि मांडीवर जुना टॉवेल अंथरून म्हणाली, "आण पाय."

"मी लावते गं."

"आण म्हटलं ना! रोज एवढाले पडदे इस्त्री करते, टाच काय जड आहे?"

काकूंनी पाय तिच्या मांडीवर ठेवला. आत्याने चमच्याच्या पाठीने कोमट मेण भेगांत भरलं, अंगठ्याने दाबलं, पुन्हा भरलं. मन लावून, जराशी रागावल्यासारखीच. तिचा तळवा इस्त्रीने भाजून भाजून राठ झाला होता. काकू छताकडे बघत राहिल्या.

"रोज रात्री असं लावायचं. वर मोजे," आत्या हात पुसत म्हणाली. "सकाळी साबणाने खसखसून धुवायचं. नुसत्या पाण्याने हे जात नाही. कळलं?"

"चहा घेतेस?"

"घेते. पण पटकन कर, घरी पोरं डोकं खातायत."

चहा दोघींनी पलंगावर बसूनच घेतला. आत्या गेल्यावर काकूंनी तिचा कप लगेच विसळला नाही.

मेणाने काम केलं. माल येऊन पडला त्या सकाळी मुकादमबाईंनी मोतिया साटीनचा एक तुकडा कापून आणला आणि काकूंच्या टाचेवर ओढला. तो कुठेही न अडकता सर्रकन निसटला. दुसरी टाच, पुन्हा सर्रकन.

"वा! पास," मुकादमबाई म्हणाल्या, आणि बायकांनी टाळ्याही वाजवल्या. श्रेय कुणाचं यावर थोडी वादावादी झाली. अस्तरवाली शेवटपर्यंत सायीवर अडून राहिली. मग मशीनं सुरू झाली.

दुसऱ्या सकाळी काकू नेहमीसारख्या लवकर येऊन खोक्यावर बसल्या. बायका आल्या, चपला काढल्या, पाय धुतले. चिमणी भाड्याच्या खोलीच्या शोधात होती, तिचं त्यात काहीतरी घडलं होतं, आणि सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. चिमणी काकूंच्या अगदी शेजारी बसून हातवारे करत सांगत होती. काकूंनी पाय जरासा पुढे केला.

"पाय आत घ्या, काकू," अस्तरवाली म्हणाली. "कुणीतरी अडखळेल."

काकूंनी पाय आत घेतला.

तेव्हापासून त्या टाचांची जास्तच उस्तवार करू लागल्या. बऱ्या झालेल्या टाचांना रात्री मेण-तेल, आणि आता निघायच्या आधी सकाळीही थोडं बोट फिरवायचं. साबण सुटला. साबणाने कातडी पुन्हा कोरडी पडते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तेवढं बोट फिरवताना त्यांना बरं वाटे. तेव्हा कोण काय म्हणालं होतं ते आठवे, मांजरावरून कोण किती हसलं होतं ते आठवे. कारखान्याच्या नळाखाली पाय धरला की पाण्याचे थेंब टाचेवर ठरत नसत, मोत्यांसारखे घरंगळून जात. ते बघायला त्यांना आवडे. कुणीतरी बघावं आणि म्हणावं, अगंबाई काकू, काय मऊ झाल्यात हो तुमच्या टाचा! तेवढं कुणी म्हणत नव्हतं, आणि आपणहून सांगायचं म्हणजे काय सांगायचं?

साटीन मात्र त्यांनी अप्रतिम कापलं. एकही धागा ओढला गेला नाही. हातात कात्री, पायाखाली गार रेशीम, आडवी पावलं टाकत त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेल्या. पट्टे जोडले, अस्तर लागलं, चुण्या पडल्या, आणि एका सकाळी पडदा दोरांवर चढवून टांगला गेला. माल बाहेर जाण्याआधी प्रत्येक पडदा असा टांगून, समोरून नाट्यगृहासारखे झगझगीत दिवे सोडून बघत.

दिवे लागले.

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग चिमणी म्हणाली, "ते काय आहे?"

मोतिया कापडावर टाचा उमटल्या होत्या. जमिनीवर असताना न दिसलेले ते तेलकट ठसे प्रकाश पडताच गडद झाले होते. शिवणीच्या कडेकडेने, आडवे, जोडीजोडीने ते वर चढत गेले होते, जणू कुणी उभ्या पडद्यावरून चालत छताकडे निघून गेलं होतं. जिथे कात्री क्षणभर थांबली होती तिथला ठसा जास्त गडद होता.

कुणाच्या टाचा, हे विचारायची गरज नव्हती. मुकादमबाई ओरडल्याही नाहीत. ओरडल्या असत्या तर काकूंना सोपं गेलं असतं.

"काकू, रोज पायाला काय लावून येता?"

"मेण. तेल."

"रात्री ना?"

"सकाळी पण."

"टाचा बऱ्या झाल्या होत्या. मी स्वतः बघितल्या. मग सकाळी तेल कशाला?"

सगळ्या उभ्या होत्या. काकूंना उत्तर माहीत होतं, आणि ते इतकं लहान होतं की एका श्वासात सांगून झालं असतं. पण दिव्यांच्या उजेडात, सगळ्यांसमोर, एवढ्या वयाच्या बाईने ते कसं म्हणायचं? तुम्ही विचारायचात, म्हणून.

"सवय लागली," त्या म्हणाल्या.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. काकूंची खोली फक्त तिने पाहिली होती.

"डाग जातील," आत्या मुकादमबाईंना म्हणाली. "खडूची भुकटी, टिपकागद, वरून कोमट इस्त्री. वेळ खाईल, पण जातील. माझ्यावर सोडा."

"काढा. नाट्यगृहाला मी तोंड देते." मुकादमबाई दिवे मालवायला वळल्या. "आणि काकू, उद्यापासून तुम्ही वर."

"किती दिवस?"

"बघू."

कारखान्यात बघू या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. कात्री अस्तरवालीकडे गेली. ती घेताना तिलाच अवघडल्यासारखं झालं आणि ती उगाच म्हणाली, "धार फार छान ठेवलीय हो."

पडदा पुन्हा खाली उतरवून अंथरला. काकूंना कापडावर पाय ठेवायची परवानगी नव्हती, म्हणून त्या कडेला फळ्यांवर बसून टिपकागदाचे तुकडे फाडून देत होत्या. आत्या गुडघ्यांवर बसून एकेका ठशावर भुकटी टाकी, कागद ठेवी, इस्त्री टेकवी. कागदावर तेलाची टाच उमटे, कापडावरची फिकी होई. मग नवा कागद.

"मला सांगायचं होतंस," आत्या मान वर न करता म्हणाली.

"काय?"

इस्त्री कागदावर टेकलेली राहिली. "काय म्हणजे? सकाळी तेल लावतेस ते. आणखी काय!" तिने इस्त्री झटकन उचलली. "दे कागद. बघत काय बसलीस?"

काकूंनी कागद दिला. आत्या याहून पुढे काही बोलेल असं त्यांना वाटत राहिलं. ठसे संपले, आत्याने कंबर सरळ केली, आणि घरी पोरं वाट बघतायत म्हणत ती निघून गेली.

माळ्यावर ऊन येत होतं, हे खरं होतं. खुर्चीही चांगली होती. काकू पडद्याची पट्टी मांडीवर घेऊन कड्या शिवू लागल्या. खालचे आवाज फळ्यांमधून वर येत: मशीनं, वाफेचा फुस्स आवाज, मध्येच एकदम हशा. हसू वर येई, कशाला हसल्या ते खालीच राही. त्यांनी एकदोनदा सुई थांबवून कान दिला. शब्द लागत नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत खाली जावं की नाही, यावर त्या बराच वेळ रेंगाळल्या. कडीवाले आजोबा वरच जेवत. शेवटी त्या डबा घेऊन जिना उतरल्या. बायकांनी सरकून जागा केली. जागा केली ती जरा जास्तच, दोघी बसतील एवढी.

"कसं आहे वर?" चिमणीने विचारलं.

"ऊन येतं," काकू म्हणाल्या.

"हो का? बरं आहे मग."

आणि ते तिथेच संपलं. काकूंनी घास घेतला. पुढचं कुणीतरी विचारेल म्हणून त्या थांबल्या. हातांना त्रास होतो का, एकटं वाटतं का, काहीही. कुणी विचारलं नाही. सगळ्या आपापल्या डब्यांत बघत होत्या आणि काकू असताना टाचांचा विषय निघू नये म्हणून सगळेच विषय जपून काढत होत्या. घड्याळाचा काटा सरकत होता. आणखी थोड्या वेळाने आजोबांसारखं काकूच म्हणणार होत्या, चला, निघते.

"तुझ्या खोलीचं काय झालं गं?" त्यांनी चिमणीला विचारलं.

चिमणी त्यांच्याकडे बघतच राहिली. "काकू, सांगितलं की तुम्हाला."

"कधी?"

"त्याच दिवशी नाही का, मुकादमबाईंनी तुम्हाला पास केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी? तुमच्या शेजारी तर बसले होते. घरमालकीण, तिची ती बाई, किल्ली परत मागितली, सगळं सांगितलं."

काकूंना ती सकाळ आठवली. चिमणीचे हलणारे हात आठवले. आपला पुढे केलेला पाय आठवला. शब्द मात्र एकही आठवला नाही.

"मी ऐकलं नाही," काकू म्हणाल्या. "माझं लक्ष नव्हतं. परत सांग."

"सगळं?"

"सगळं."

"झालं!" आत्या म्हणाली. "ही एकदा सुरू झाली की सुट्टी संपली म्हणून समजा. मागच्या वेळी माझं चटणीचं झाकण उघडायचं राहिलं होतं."

"तुम्ही गप्प बसा हो, आत्या. तुम्हाला नाही सांगत." चिमणीने आपलं खोकं ओढून काकूंच्या समोर आणलं. "तर काकू, खोली तशी लहान. पण आईला आणायचं म्हणून मला तीच हवी होती. घरमालकीण हो म्हणाली. किल्ली दिली. मी झाडूनपुसून घेतली. आणि दुसऱ्या दिवशी तिची नणंद..."

"नणंद कुठली यात?" काकूंनी विचारलं.

"तेच तर सांगतेय ना! मध्ये बोलू नका."

मग काकू मध्ये बोलल्या नाहीत. खोलीची गोष्ट लांबली, नणंद आली, जाऊ आली, एका पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं, आणि त्या सगळ्यात चिमणीच्या आईचा एक फोन आला, तेव्हा चिमणीचा आवाज जरा बसला आणि तिने डब्याचं झाकण उगाच लावून पुन्हा उघडलं. तेवढ्यात घंटा झाली. सगळ्या उठल्या.

काकू जिना चढून खुर्चीत बसल्या. खाली मशीनं सुरू झाली होती. त्यांनी पट्टी मांडीवर ओढली, सुईत दोरा ओवला आणि ऐकलेलं मनाशी लावून बघू लागल्या. किल्ली परत मागायला आली ती नणंद. खोली स्वतःच्या मुलाला हवी म्हणून अडून बसली ती जाऊ. की उलट? आणि टाकी नेमकी कुणाच्या वाटणीची? आईने फोनवर काय म्हटलं, ते तर चिमणीने सांगितलंच नव्हतं.

त्यांनी कडी जागेवर धरून सुई आरपार काढली. हे उद्या विचारायचं होतं.